सरासरीने बरा झालेला माणूस

माणसाने आजारी पडायचंच असेल तर ताप येऊन पडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तापाला आकडा असतो. तो चौघांनी वाचला तरी चौघांना तोच दिसतो, आणि त्यावरून घरात वाद होत नाहीत. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काम करते आहे. पाण्यात क्लोरीन किती, गढूळपणा किती, जंतू किती, हे आकड्यांत लिहायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. निम्मं शहर माझ्या सहीवर विश्वास ठेवून पाणी पितं. आमच्याकडे एक नियम आहे: जे स्वतः पाहिलं नाही ते वहीत लिहायचं नाही. नव्या मुलींना तो मी पहिल्याच दिवशी सांगते, आणि सांगताना चेहरा असा करते की निवृत्तीपर्यंत त्यांना तो चेहरा आठवावा.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जी हकिगत आहे तीत हा नियम मी लागोपाठ सदतीस दिवस मोडला.

माझा नवरा लिफ्ट तपासनीस आहे. त्याने योग्य ठरवलेली एक लिफ्ट अकराव्या दिवशी कोसळली आणि तीत एक गृहस्थ गेले. चौकशी झाली. तपासणीनंतर मालकाने एक भाग परस्पर बदलला होता असं निघालं, आणि नवऱ्याला निर्दोष ठरवणारं पत्र घरी आलं. ते त्याने दोनदा वाचलं, घडी घालून कपाटात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पलंगाच्या कडेला, त्या कपाटाकडे तोंड करून बसला. दोषी ठरला असता तर अपील तरी करता आलं असतं. निर्दोष माणसाने दाद मागायची कुठे?

सात आठवडे झाले तरी तो तिथेच होता. एव्हाना इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. पहाटे चालायला न्या. थंड पाण्याने आंघोळ घाला. कुत्रा पाळा. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी एक कुंडी आणून दिली आणि झाडाशी बोलायला सांगितलं. ज्या माणसाने दोन महिन्यांत माझ्याशी चाळीस वाक्यं बोललेली नाहीत त्याने झाडाशी बोलावं, ही अपेक्षा मला जरा अपमानास्पद वाटली. तरी कुंडी ठेवून घेतली. पाणी मीच घालत होते.

शेवटी मी मानसोपचार केंद्रात गेले. खिडकी क्रमांक चार. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पेशंट कुठे आहे. मी म्हटलं, घरी. तो उठत नाही, म्हणून तर आले. त्या म्हणाल्या, पेशंट समोर आल्याशिवाय नोंद होत नाही. मी म्हटलं, तो उठून इथवर आला असता तर नोंदीची गरजच नव्हती. यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी नव्या मुलींकडे पाहते त्यापेक्षा बरंच परिणामकारक होतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांची चिठ्ठी नेली, तर मी पत्नी असल्याचा पुरावा हवा होता. तिसऱ्या खेपेला लग्नाचा दाखला नेला. त्यावरच्या फोटोतला नवरा हसत होता, त्यामुळे बाईंना थोडी शंका आली. अखेर नोंद झाली आणि तारीख मिळाली. एकोणीस आठवड्यांनंतरची.

मी तारीख दोनदा वाचली. तेव्हा बाईंचा आवाज जरा मऊ झाला. तोवर 'सोबती' आहे, असं त्यांनी सांगितलं. फोनवर घ्यायचं. माणूस नाही, पण कृत्रिम बुद्धिमत्तेचं आहे, माणसासारखं बोलतं. रोज नऊ प्रश्न विचारतं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण: त्रास नसेल तर शून्य, फार असेल तर तीन. वर गप्पाही मारता येतात. सगळ्याचा गोषवारा समुपदेशकांकडे जातो, आणि ज्याचे गुण जास्त त्याची तारीख अलीकडे येते. अटी दोनच. सलग तीन दिवस उत्तरं आली नाहीत तर नाव यादीतून जातं. आणि माहिती खोटी आढळली तर सहा महिने नोंद बंद.

"डॉक्टर नाही हं ते," बाई म्हणाल्या. "डॉक्टर मिळेपर्यंत हात धरायला आहे."

मला कल्पना पटली. एकोणीस आठवडे नाव यादीत टिकवायचं, एवढंच काम होतं. मी याहून किचकट कामं केली आहेत.

पहिल्या संध्याकाळी मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. सोबतीचा आवाज तरुण मुलीचा होता, आर्जवी, घाई नसलेला. आज तुम्हाला कसं वाटतंय, असं त्याने विचारलं. नवऱ्याने बराच वेळ फोनकडे पाहिलं आणि विचारलं, "याची शेवटची तपासणी कधी झाली?"

सोबतीने प्रामाणिकपणे सांगितलं की मी संगणकावर चालणारी प्रणाली आहे आणि माझ्याकडून चूक होऊ शकते.

"चूक झाली तर खाली सही कोणाची?"

सोबती म्हणालं, हा प्रश्न तुमच्यासाठी महत्त्वाचा दिसतो. त्याबद्दल आणखी सांगाल का? नवऱ्याचे ओठ किंचित हलले. तेवढ्यात मी म्हटलं, की आधी नऊ प्रश्न उरकून घेऊ, आठ वाजेपर्यंतच मुदत आहे. त्याने फोन पलंगावर पालथा ठेवला. हळूच ठेवला. त्यानंतर त्याने त्याला हात लावला नाही.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सव्वासात वाजता मी जेवणाच्या टेबलावर तो फोन समोर घेऊन बसले होते, आणि सोबती तिसऱ्यांदा विचारत होतं, आज झोप कशी लागली होती. सासूबाई शेजारी चष्मा पुसत होत्या. त्यांना ते बघवेना. पोरगी इतकं आपुलकीने विचारते आहे, घरातल्या कोणी उत्तर देऊ नये म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं की ती पोरगी नाही. त्या म्हणाल्या, असेना. विचारते तर आहे.

"झोप उत्तम लागली म्हणून लिही," त्यांनी सांगितलं.

"आई, तो पहाटे चारपासून जागा असतो."

"ते लोकांना कशाला सांगायचं?"

"हे लोक नाहीत, यंत्र आहे."

"यंत्र पुढे कोणाला तरी सांगणारच ना? मग झालेच की लोक."

शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर होतं, कारण ते पुढे सांगण्यासाठीच ठेवलेलं होतं. सासूबाई त्या पिढीच्या आहेत जिला कोणी 'कसं काय' विचारलं की 'मजेत' म्हणण्यापलीकडे दुसरं उत्तर शिकवलेलंच नाही. कोणी दारात आलं की आधी घर आवरायचं आणि मग दार उघडायचं, आणि त्यांच्या दृष्टीने सोबती दारात आलेलं होतं. मी तीन म्हणत होते, त्या शून्य म्हणत होत्या. घड्याळात साडेसात वाजले. दोन मापनांत फरक पडला तर सरासरी काढतात, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. सरासरी दीड आली. दीड लिहिता येत नव्हता. सासूबाईंचं वय लक्षात घेऊन मी एक लिहिला.

अशी आम्ही आठ उत्तरं काढली. भूक, एक. कामातलं मन, दोन. स्वतःबद्दल वाईट वाटणं, एक. नववा प्रश्न असा होता, की जगू नये असे विचार मनात येतात का. सासूबाई म्हणाल्या, असलं काही घरात बोलायचं नाही, आणि माझ्या हातावरून हात पुढे करून त्यांनी स्वतः शून्य दाबलं. तिथे सरासरी काढली नाही. काढू या, असं मीही म्हणाले नाही.

एकदा घडी बसली की कुठलंही पाप सोयीचं होतं. रोज सव्वासातला आम्ही दोघी बसायचो. सासूबाईंचा आणखी एक आग्रह होता, की कालच्यापेक्षा आज थोडं बरं असलंच पाहिजे, नाहीतर एवढा खटाटोप कशाला. त्यामुळे दर तीन-चार दिवसांनी कुठलासा एक आकडा एकाने उतरायचा. सोबती आठवड्यातून एकदा विचारायचं, ही उत्तरं तुम्ही स्वतः देत आहात ना? सासूबाई म्हणायच्या, आपण काय परके आहोत का, आणि मी 'हो' दाबायचे. एका रविवारी मी हौसेने आलेखाचा कागद काढून सगळे गुण मांडले. रेषा इतकी सुरेख उतरत होती की मला बरं वाटलं. खऱ्या पाण्याची रेषा इतकी सरळ कधीच येत नाही. तशी आली तर मी मुलींना विचारते, हे घरी बसून लिहिलंत का? त्या रविवारी मला कोणी विचारलं नाही.

नवरा पलीकडच्या खोलीत होता. मी त्याला जेवण नेऊन देत होते, पंखा कमी करू का विचारत होते, दाढी कर म्हणत होते. आलेख त्याला दाखवला नाही, एवढं शहाणपण शिल्लक होतं.

सदतिसाव्या दिवशी केंद्राकडून निरोप आला. आपली प्रगती समाधानकारक असून प्रत्यक्ष भेटीची आवश्यकता उरलेली नाही, आपली तारीख अधिक गरजू व्यक्तीला देण्यात येत आहे, अभिनंदन. सोबत समुपदेशकांसाठी केलेल्या गोषवाऱ्याची प्रत होती. मी ती उभ्या उभ्या वाचली आणि मग बसून पुन्हा वाचली. रुग्ण पुरुष, वय एकोणपन्नास. गुडघेदुखीमुळे जिना चढणं अवघड जातं. दिवंगत पतीची संध्याकाळी फार आठवण येते. सुनेशी मोठे मतभेद नाहीत. सून गुणी आहे, मात्र हसतेसुद्धा मोजून मापून.

मी सासूबाईंकडे पाहिलं. मी कामावर गेल्यावर दुपारी त्या सोबतीशी बोलत असत, हे तेव्हा कळलं. ऐकणारं कोणी मिळालं तर बोलू नये का, असं त्यांनी विचारलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मोजून मापून हसण्याचा मुद्दा मी नंतर काढायचा ठरवला. गोषवाऱ्याची शेवटची ओळ मात्र वाचून माझे कान तापले: उत्तरं एकाहून अधिक व्यक्ती देत असाव्यात, समुपदेशकांनी कृपया प्रत्यक्ष खात्री करावी. यंत्राने त्याचं काम केलं होतं. आमच्या वहीत खोट आहे हे त्याला दिसलं होतं आणि त्याने तसं लिहिलंही होतं.

मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून खिडकी क्रमांक चारवर गेले. बाईंनी सांगितलं, समुपदेशक एक आणि केंद्रं तीन. ते ओळी कधी वाचणार? यादी गुण बघते. गुण उतरले, नाव उतरलं. पुन्हा वर यायचं तर गुण वर जायला हवेत, हाताने काही करता येत नाही.

"अहो, बरं वाटतंय ना त्यांना? मग रडताय कशाला?" त्या म्हणाल्या.

मी रडत नव्हते. मला धुळीचा त्रास आहे, आणि त्या खिडकीपाशी धूळ फार आहे. उत्तरं आम्ही दिली होती, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडलं होतं. पण समोरच पाटी होती, खोट्या माहितीबद्दल सहा महिने नोंद बंद. सहा महिने. मी तोंड मिटून घरी आले.

आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहतात. कोर्टात अर्ज घेण्याच्या टेबलावर त्यांनी बत्तीस वर्षं काढली, म्हणून इमारतीत सगळे त्यांना कोर्टकाका म्हणतात. माणूस सज्जन. फक्त जगात अर्जाने सुटणार नाही असा प्रश्न असतो, हे त्यांना मान्य नाही. शनिवारी दुपारी ते चहाला आले आणि त्यांनी सगळं प्रकरण ऐकून घेतलं. मग म्हणाले, अर्ज दोन प्रकारचे असतात: एक खरा आणि एक मंजूर होणारा. तुम्ही पहिलाही केला नाहीत आणि दुसराही. सरासरी कसली काढता? कोर्टात अर्धा खून होतो का?

त्यांचा सल्ला सोपा होता. सत्तावीसपैकी सत्तावीस. पूर्ण गुण पडले की पहिला नंबर, आणि पहिल्या नंबराला तारीख द्यावीच लागते. सासूबाई विरोध करतील असं काकांना वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. पण नंबराचं नाव निघाल्यावर त्या थोड्या सैल झाल्या. शाळेत त्याचा नंबर कधी खाली गेला नव्हता, असं त्या पुटपुटल्या.

काकांनी 'आपल्या शब्दांत सांगा' या चौकटीसाठी मजकूर सांगायला घेतला: अर्जदाराची प्रकृती उत्तरोत्तर ढासळत असून अर्जदारास कशातही स्वारस्य उरलेले नाही, सबब. 'सबब' काढा म्हटलं तर त्यांना राग आला. मग आम्ही गुणांकडे वळलो. झोप तीन. भूक तीन. थकवा तीन. आठवा प्रश्न झाला आणि माझं बोट थांबलं.

"थांबलात का?" काका म्हणाले. "एका प्रश्नासाठी नंबर जाईल."

टेबलावरून त्याच्या खोलीचं दार दिसतं. ते अर्धवट उघडं होतं आणि त्याची पाठ दिसत होती. टेबलापासून पलंगापर्यंत बारा पावलं आहेत. मी नंतर मोजली. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. गेल्या तीन महिन्यांत मी त्याला खिडकी, पंखा, चहा, गरम पाणी, सगळ्याबद्दल विचारलं होतं. उठून बारा पावलं जायचं आणि विचारायचं, इतकंच. पण विचारलं आणि त्याने उत्तर दिलं, तर ते मला ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा यंत्रात आकडा दाबणं सोपं होतं. मी तीन दाबला.

सोबतीचा आवाज तोच राहिला, पण बोलणं बदललं. तुम्ही हे सांगितलंत हे बरं केलंत, असं ते म्हणालं. आत्ता तुमच्याजवळ कोणी आहे का? काकांनी सांगितलं, तिघे उपस्थित आहेत असं लिहा. सासूबाई म्हणाल्या, चहा घेतोय म्हणून सांग, म्हणजे ती काळजी करणार नाही. सोबती म्हणालं, मी आता एका माणसाला कळवते आहे, तोवर इथेच थांबा, माझ्याशी बोलत राहा. काका खूश झाले. मंजूर, म्हणाले, आणि त्यांनी दुसरा कप घेतला.

पस्तीस मिनिटांनी बेल वाजली. दारात एक धिप्पाड परिचारिका होती आणि तिच्या मागे घडीचं स्ट्रेचर घेतलेला ड्रायव्हर. पेशंट कोण, असं तिने विचारलं. आमच्याकडे कोणी आजारी नाही, असं सासूबाईंनी सांगितलं. अर्जदार आत आहेत, असं काकांनी सांगितलं. मी काहीच बोलले नाही. सवयीने सरासरी काढत असावे.

आवाज ऐकून नवरा स्वतःच बाहेर आला. दोन दिवसांचा शर्ट, दाढी वाढलेली. परिचारिकेने त्याला खुर्ची दिली, स्वतः समोर बसली, आणि टेबलावरचा फोन त्याच्या हातात देऊन शांतपणे विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?"

तो वाचू लागला. पहिल्या दिवसापासून. तपासणीची नोंदवही वाचावी तसा, एकेका ओळीवरून बोट फिरवत. त्याला घाई करायची हिंमत कोणाची झाली नाही. मध्येच त्याने मान वर केली.

"माझी झोप एक?"

"आईंनी शून्य सांगितलं होतं," मी म्हटलं. माणूस घाबरला की किती मूर्खासारखं खरं बोलतो, याचा तो नमुना होता.

गुडघ्यांपाशी आल्यावर त्याने आईकडे पाहिलं. त्या पदराशी चाळा करत होत्या. 'सबब'पाशी त्याने काकांकडे पाहिलं. मग फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, यातलं मी काहीही लिहिलेलं नाही.

परिचारिकेने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. ती रागावली नाही, हे जास्त वाईट होतं. आज शनिवार आहे, ती म्हणाली, एकच गाडी आहे, आणि आणखी दोन ठिकाणी जायचं आहे. काकांनी, ही केवळ तांत्रिक चूक आहे, असं सुरू केलं. ड्रायव्हरने स्ट्रेचर पुन्हा उचललं. परिचारिकेने कागदावर 'खोटी सूचना' असं लिहायला पेन काढलं.

"थांबा," नवरा म्हणाला.

त्याने फोन परत उचलला, शेवटच्या पानावर गेला आणि नवव्या प्रश्नाच्या उत्तरावर बोट ठेवलं.

"हे एवढं बरोबर आहे."

सासूबाई चपलांच्या स्टुलावर बसल्या. परिचारिकेने पेनाला टोपण लावलं, खुर्ची त्याच्याजवळ ओढली, आणि आमच्याकडे न पाहता आम्हाला स्वयंपाकघरात जायला सांगितलं.

स्वयंपाकघरात आम्ही तिघे उभे राहिलो. बाहेरून परिचारिकेचा आवाज येत होता आणि मग बराच वेळ त्याचा. शब्द कळत नव्हते. इतका वेळ तो बोलू शकतो हे मी विसरले होते. कोर्टकाकांनी, ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत असतं, नळ सोडला आणि कप विसळायला घेतले. तीनच कप होते. ते त्यांनी दोनदा विसळले.

"पहिल्या दिवशी मीच शून्य दाबलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"मी दाबू दिलं," मी म्हटलं.

तो गाडीपर्यंत चालत गेला, जिन्याने, माझा हात न धरता. स्ट्रेचर ड्रायव्हरने रिकामंच खाली नेलं. रुग्णालयात तो सोळा दिवस होता. त्या दिवसांतलं सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. भेटीची वेळ चार ते पाच असते, आणि त्या तासात आम्ही बहुतेक वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत बसायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने त्या गेलेल्या गृहस्थांचं नाव माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारलं. ते नाव त्याला त्यांच्या दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं. तपासणीच्या दिवशी त्यांनी त्याला पाणी दिलं होतं.

मधल्या काळात मी खिडकी क्रमांक चारवर जाऊन सगळं कबूल केलं. सदतीस दिवसांचा तक्ता, कोणता आकडा माझा, कोणता सासूबाईंचा, कुठे कशी सरासरी काढली, अडतिसावा दिवस वेगळा, त्याखाली माझी सही. बाईंनी तीन पानं उलटली आणि म्हणाल्या, शाई निळी हवी. मी निळ्या शाईने पुन्हा लिहून आणलं. मग त्यांनी सांगितलं, की पेशंट आता थेट दाखल झालेला असल्याने प्रतीक्षायादीचा नियम त्याला लागू नाही. सबब सहा महिन्यांची बंदीही नाही, आणि हा खुलासा ठेवायला त्यांच्याकडे फाइल नाही. तो खुलासा अजून माझ्या पर्समध्ये आहे. आयुष्यात मी इतका अचूक कागद दुसरा केलेला नाही, आणि तो कोणाला नको आहे.

तो घरी येऊन आता तीन आठवडे झाले. बरा झाला असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. दाढी करतो, एक दिवसाआड. मंगळवारी समुपदेशकांकडे जातो. ते आता आम्हा सगळ्यांनाच ओळखतात, कारण पहिल्याच भेटीत त्यांनी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. रोजचे नऊ प्रश्न सुरू ठेवा, असं त्यांनी सांगितलं आहे. मंगळवार ते मंगळवार मधले दिवस कसे गेले हे त्यांना त्यावरून कळतं. मात्र फोन पेशंटच्याच हातात राहील, असं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना पेशंटकडे पाहिलं नाही. सासूबाईंनी स्वतःसाठी निराळी नोंद केली आहे. त्या दुपारी दार लावून घेतात.

काल संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर फोन घेऊन बसला. मी पलीकडच्या खुर्चीवर, हातात काही नसताना. सोबतीने झोपेचं विचारलं. तो थांबला आणि सवयीने माझ्याकडे पाहू लागला.

"काय लिहू?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी एकवीस वर्षांत कोणासमोर उच्चारलेलं नाही. त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग दोन, म्हणाला, आणि दोन लिहिले. भूक एक. थकवा तीन. एकेका प्रश्नाला तो इतका वेळ घेत होता की पाण्याचे पाच नमुने तपासून झाले असते. आठवा झाल्यावर त्याने फोन किंचित आपल्याकडे वळवला. मला पडदा दिसेना. बारा पावलं चालायची नव्हती, तो हातभरावर होता, तरी मला तेवढाच वेळ लागला.

"जगू नये असं आज वाटलं का तुला?" मी विचारलं.

त्याने मान वर केली. मी डोळे खाली घातले नाहीत.

"दुपारी वाटलं," तो म्हणाला. "तू यायच्या आधी. थोडा वेळ."

"आत्ता?"

"आत्ता नाही."

त्याने काय दाबलं ते मी पाहिलं नाही. फोन ठेवून तो खुर्चीतून उठला, दोन पावलं गेला आणि वळला.

"उद्या पण विचार," तो म्हणाला.